वऱ्हाडचा डोंगर आणि वऱ्हाडचा आखाडा

वऱ्हाडचा नकाशा डोळ्यांपुढें आणला म्हणजे त्या प्रांताची ठेवण तात्काळ ध्यानांत येते. उत्तरेस सातपुड्यांतील गाविलगडची रांग, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ, आणि या दोहोंच्या मध्यें पूर्णा नदीचें काळ्या, कसदार जमिनीचें खोरें. जुन्या कागदपत्रांत या खोऱ्यास पायनघाट आणि दक्षिणेकडील उंच प्रदेशास बालाघाट म्हटलेलें आढळतें. उत्तरेचा डोंगराळ मुलूख तो मेळघाट. अमरावती आणि अकोला हीं दोन्ही शहरें पायनघाटांतलीं. कापसावर वाढलेलीं, रेल्वेनें जोडलेलीं आणि चैत्र-वैशाखांत भट्टीसारखीं तापणारीं. अकोल्यास पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला तर तेथील माणूस त्याची फारशी वाच्यताहि करीत नाहीं.

अशा प्रांतांतील लोकांना मोकळ्या हवेची, थंड झुळुकेची आणि चार मंडळींत मिसळून खेळण्याबागडण्याची ओढ वाटावी, हें स्वाभाविकच आहे. ही ओढ वऱ्हाडानें कोणत्या वाटांनीं भागविली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. एक वाट डोंगरावर जाते, ती चिखलदऱ्याची. दुसरी गांवाशेजारच्या मैदानांत, तांबड्या मातीच्या हौद्यापाशीं येऊन थांबते, ती आखाड्याची. या दोन्ही वाटांची हकीकत आज सांगावयाची आहे. ती ऐकतांना श्रोत्यांनीं एक प्रश्न मनांत ठेवावा, एवढीच विनंति. हवा सर्वांची असते हें खरें. पण ती हवा ज्या जागेवर उभें राहून घ्यावयाची, ती जागा सर्वांची असते काय?

प्रथम डोंगराची वाट पाहूं. चिखलदऱ्यालगतचा गाविलगड हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली यानें इ. स. १४२५ च्या सुमारास बांधविला. त्याच रांगेंत पश्चिमेकडे, अकोल्याच्या बाजूस, नरनाळ्याचा किल्ला आहे. हे दोन गड ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वऱ्हाडच्या किल्ल्या, अशी पूर्वीची स्थिति होती. १८०३ सालीं इंग्रज आणि मराठे यांचें दुसरें युद्ध जुंपलें. आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें २९ नोव्हेंबर रोजीं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां कामास आला. इंग्रजांचा सेनापति होता आर्थर वेलस्ली. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनसमोर उभा राहिला. गड पडल्यावर दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला, आणि त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाच्या पदरांत पडलें.

थंड हवेच्या ठिकाणाचें वर्णन करतांना ही लढाईची कथा कशाला, असें कोणी विचारील. परंतु या तहावांचून चिखलदऱ्याचा पुढील इतिहास घडलाच नसता. वऱ्हाड निजामाकडे गेलें, आणि निजामाच्या खर्चानें पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं चालणारी हैदराबादची फौज एलिचपूरच्या परिसरांत येऊन राहिली. एलिचपूर म्हणजेच आजचें अचलपूर. उन्हाळ्यानें त्रासलेल्या या अंमलदारांची दृष्टि साहजिकच समोरच्या निळ्या डोंगराकडे वळली. १८२३ सालीं याच फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन गाविलगडालगतच्या पठारावर येऊन पोंचला, आणि चिखलदरा हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून साहेबलोकांस ठाऊक झालें. महाबळेश्वरीं माल्कमपेठ वसली ती यानंतर पांचसहा वर्षांनीं. आणि माथेरान मॅलेटसाहेबास गवसलें तें १८५० सालीं. या हिशेबानें पाहतां चिखलदरा हें महाराष्ट्रांतील थंड हवेच्या ठिकाणांतलें वडीलधारें ठिकाण म्हटलें पाहिजे.

'साहेबलोकांस ठाऊक झालें' असें मी जाणूनबुजून म्हणालों. कारण तें ठिकाण हरवलेलें कधींच नव्हतें. कोरकू लोक त्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहत होते. गवळी आपलीं गुरें घेऊन त्या पठारावर चरावयास जात होते; गाविलगडाच्या नांवांतच गवळ्यांची आठवण राहिली आहे असें मानतात. भाविकांनीं तर त्या दऱ्याखोऱ्यांवर अख्खें महाभारत पसरून ठेवलें होतें. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत लोटून दिलें, तो कीचकदरा, आणि त्यावरूनच चिखलदरा. भीमानें हात धुतले तें भीमकुंड. विराट राजाची नगरी तें वैराट, अशी लोकांची श्रद्धा आहे. अशा रीतीनें प्रत्येक कड्याला आणि कुंडाला नांव होतें. साहेबानें त्यांत हरिकेन पॉइंटसारख्या नव्या नांवांची भर घातली, एवढेंच.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,११८ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून अधिक उंच आहे. अमरावती शहर त्याच्या खालीं सुमारें पावणेआठशें मीटरांवर पडतें. दर हजार मीटर चढल्यावर हवा सहा-साडेसहा अंशांनीं थंड होते, असा सामान्य नियम आहे. तेव्हां पायथ्याच्या आणि माथ्याच्या हवेंत सुमारें पांच अंशांचा फरक पडावा, हें गणितानेंच सिद्ध होतें. त्यांत दाट झाडी, तलावांचें पाणी आणि दरींतून वर येणारा वारा यांची भर पडली म्हणजे खालून आलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच मुलखांत आलों असें वाटतें. पठारावर कॉफीचीं झाडें वाढतात, हें तर विदर्भांत अपूर्वच.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या स्वाधीन केला. तेव्हांपासून उन्हाळा आला कीं वरिष्ठ अंमलदारांचीं बिऱ्हाडें चिखलदऱ्यास हलत. बंगले उभे राहिले, फिरावयाचे रस्ते आंखले गेले. परंतु तें ठिकाण सिमला किंवा महाबळेश्वर यांच्यासारखें फोंफावलें नाहीं, आणि याचीं कारणें उघड आहेत. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला; पण तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशा कापसाच्या पेठा धरून पायनघाटांतून गेला आणि डोंगर दूरच राहिला. मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी लहान गाडी सुरू झाली ती १९१३ च्या सुमारास, आणि तीहि मुख्यतः कापसाच्या गांठींसाठीं. शिवाय १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. त्या प्रांताच्या सरकारचें उन्हाळी ठाणें पचमढी येथें होतें. राजसत्तेची पावलें जिकडे वळतात तिकडे रस्ते होतात आणि बाजार वसतात. तीं पावलें पचमढीकडे वळलीं आणि चिखलदरा लहानच राहिला.

आतां खालच्या गांवांतील सामान्य माणसाचा विचार करा. त्याला चिखलदऱ्याचा काय उपयोग होता? परतवाड्यापर्यंत बैलगाडी, मग घाटाची चढण, वर उतरावयास घर नाहीं आणि गांठीला पैसा नाहीं. पण याहूनहि मोठी अडचण वेळेची होती. साहेबाला आणि वकिलाला उन्हाळा हा सुटीचा काळ. कचेऱ्या मंदावत, कोर्टें बंद असत. शेतकऱ्याला मात्र हाच काळ नांगरणी-वखरणीचा. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी रान तयार झालें नाहीं, तर साऱ्या वर्षाचा कापूस बुडाला. ज्या दिवसांत डोंगर सर्वांत सुखाचा, त्याच दिवसांत शेतकऱ्याला शेत सोडतां येत नसे. थंड हवेच्या ठिकाणाचें पंचांग आणि कुणब्याचें पंचांग हीं मुळांतच जुळणारीं नव्हतीं.

आणि डोंगरावर जो पूर्वीपासून राहत होता, त्या कोरकूचें काय झालें? कोरकूंची भाषा मराठीशीं वा गोंडीशीं नातें सांगत नाहीं. ती संथाळी आणि मुंडारी यांच्या कुळांतली. होळीनंतरचा फगवा, मेघनाथाचा खांब, ढोल आणि बासरी यांच्या नादावर रात्र रात्र चालणारा नाच, हें त्याचें सामुदायिक जीवन आणि हीच त्याची करमणूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें मेळघाटचें जंगल राखीव केलें. झाडी जाळून करावयाच्या फिरत्या शेतीवर बंधनें आलीं. ज्या रानांत तो विनाशुल्क हिंडत होता, त्या रानांत त्याला परवानगी लागूं लागली. वरच्या पठारावर एकाचें क्रीडास्थान तयार होत असतां दुसऱ्याचें घर आकसत होतें, ही गोष्ट डोंगराच्या इतिहासांत विसरतां येत नाहीं.

श्रोतेहो, वऱ्हाडच्या बहुजनांनीं आपली करमणूक डोंगरावर न शोधतां पायथ्याशीं आणि मैदानांत शोधली. तिचें जुनें रूप म्हणजे यात्रा. परतवाड्यापलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ती जानेवारीअखेरपर्यंत चालते. हा काळ पाहा: कापसाची बरीच वेंचणी झालेली, हातांत चार पैसे खुळखुळत असलेले, आणि हवा गुलाबी. गाड्या सोडून राहुट्या ठोकाव्या, गोवऱ्यांच्या आरांत रोडगे भाजावे, वांग्याची भाजी रांधावी, सोयऱ्याधायऱ्यांना जेवूं घालावें, आणि रात्रीं कीर्तन किंवा तमाशा ऐकावा. डोंगरांतला कोरकू आणि खालचा कुणबी यांची गांठ पडावी ती अशाच ठिकाणीं. याच यात्रेंत गाडगेमहाराजांनीं नवसाच्या पशुहत्येविरुद्ध कीर्तनें केलीं आणि हातांत खराटा घेऊन लोकांना सार्वजनिक जागा झाडावयास शिकविलें. करमणुकीची जागा स्वच्छ ठेवणें हें सर्वांचें काम आहे, हा धडा महाराष्ट्राला देणारा हा पुरुष अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा.

अकोल्यास याच प्रकारची, परंतु तरुणांच्या अंगबळाला आव्हान देणारी प्रथा आढळते. श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. तें पाणी गांधीग्राम येथून सुमारें सतरा-अठरा किलोमीटर अंतर अनवाणी चालत, खांद्यावरील कावडींतून आणावयाचें. एकेका कावडीस आळीपाळीनें खांदा देण्यास तरुणांची मोठी फळी लागते. कोणी कितीहि बळकट असला तरी एकट्यानें ती कावड येत नाहीं. भक्तीबरोबर संघशक्तीचाहि हा पाठ आहे.

पण यात्रा वर्षांतून एकदां, आणि कावडहि वर्षांतून एकदां. रोजच्या रोज, संध्याकाळीं दोन तास, चार पोरांनीं एकत्र यावें, अशी जागा कोणती? ती आखाड्याची. वऱ्हाडची जमीन काळी. ओली झाली कीं पायाला चिकटते, वाळली कीं भेगाळते. तींत कुस्ती होत नाहीं. म्हणून मऊ तांबडी माती आणून, चाळून, तींत तेल, ताक, हळद यांचा मिलाफ करून हौदा तयार करावयाचा. बाजूला मल्लखांब, मुदगलांची जोडी, लाठ्या आणि लेझिमी. बाहेर मोकळी जागा असली कीं फक्कीच्या चार रेघा ओढून हुतूतू, खोखो, आट्यापाट्या. या खेळांना चेंडू लागत नाहीं, जाळें लागत नाहीं, विशेष पोषाख लागत नाहीं. लागतात तीं फक्त माणसें. गरीब देशानें आपल्या गरिबीला शोभेल आणि तरीहि कमी पडणार नाहीं, अशी ही करमणूक निर्माण केली होती.

१९१४ सालीं अमरावतींत अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनीं हनुमानाच्या नांवानें एक आखाडा सुरू केला. पुढें त्याचेंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. तो काळ लक्षांत घ्यावा. १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें होतें आणि दादासाहेब खापर्डे यांच्या पुढारीपणाखालीं शहरांत राजकीय जागृति झालेली होती. १९१४ सालींच लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले. हत्यारांच्या कायद्यानें लोकांच्या घरांतलीं शस्त्रें गेलीं होतीं. शस्त्र गेलें तरी शरीर राहतें, आणि शरीर कमावण्यास परवाना लागत नाहीं, ही भावना त्या पिढींत प्रबळ होती. असे आखाडे महाराष्ट्रांत अनेक निघाले. अमरावतीच्या मंडळाचें वैशिष्ट्य असें कीं तें केवळ पहिलवान घडविण्यावर थांबलें नाहीं. त्यानें व्यायामाचे शिक्षक घडविण्याचें काम हातीं घेतलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मंडळ उन्हाळ्यांत शिक्षणवर्ग भरवूं लागलें. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून तरुण तेथें येत, देशी आणि विदेशी व्यायामपद्धति शिकत, आणि आपापल्या गांवीं जाऊन शाळांतून व आखाड्यांतून तें ज्ञान पसरवीत. क्रांतिकारक शिवराम हरि राजगुरु यांनींहि येथें व्यायामाचें शिक्षण घेतलें होतें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

येथें क्षणभर थांबून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहा. उन्हाळा तोच, जिल्हा तोच. वैशाखाच्या ज्या दिवसांत अंमलदारांचें सामान चिखलदऱ्याच्या घाटानें वर चढत असे, त्याच दिवसांत दूरदूरच्या प्रांतांतील तरुण आगगाडींतून बडनेऱ्यास उतरून अमरावतीच्या उन्हांत घाम गाळावयास येत असत. एक जण उन्हाळ्यापासून दूर जात होता. दुसऱ्यानें उन्हाळ्याच्या सुटीलाच शाळा बनविलें होतें. डोंगरानें माणसाला विसांवा दिला यांत शंका नाहीं. परंतु माणसाला माणूस जोडून दिला तो मैदानानें.

१९३६ सालीं या मंडळाचें पथक बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं गेलें, आणि तेथें त्यानें कबड्डी व इतर देशी खेळ-कसरतींचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. वऱ्हाडांतल्या गल्लीबोळांतला हुतूतू जगाच्या क्रीडांगणावर प्रथम दिसला तो त्या वेळीं. दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, कलकत्त्याच्या अखिल भारतीय सामन्यांत कबड्डीला स्थान मिळालें. आणि १९९० सालीं बीजिंग येथील आशियाई सामन्यांत ती पदकाचा खेळ झाली. १९४९ सालीं स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें भरलेल्या लिंगियाड नामक जागतिक व्यायाम-महोत्सवांतहि मंडळाच्या पथकानें भाग घेतला. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या आखाड्यानें केवढा पल्ला गांठला, हें यावरून दिसून येईल.

मात्र बर्लिनच्या प्रसंगाला दुसरीहि एक बाजू आहे, आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें ती झांकूं नये. सार्वजनिक व्यायामाची चळवळ युरोपांत ज्या शहरांत प्रथम रुजली त्यांतलें बर्लिन हें प्रमुख. १८११ सालीं फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकानें त्या शहराबाहेर उघड्या मैदानावर व्यायामशाळा काढली. नेपोलियनच्या टाचेखालीं दबलेल्या आपल्या लोकांना उभें करावें, हा त्याचा हेतु. पुढें १८६२ सालीं मिरोस्लाव्ह टिर्श यानें प्राग शहरांत सोकोल नांवाची संस्था काढली. तिनें चेक लोकांत तेंच कार्य केलें. परसत्तेखालच्या लोकांनीं व्यायामशाळेंतून स्वत्व जागें करावें, ही रीत अमरावतीचीच नव्हे, जगाची आहे. पण आमचें पथक बर्लिनमध्यें पोंचलें तेव्हां यानच्या त्या मैदानाचें काय झालें होतें? नाझी सत्तेखालीं १९३३ सालापासूनच जर्मन व्यायामसंघांतून ज्यू नागरिकांना बाहेर काढण्यांत आलें होतें. शरीरें तींच, कवायत तीच, मैदान तेंच. पण फाटकावर जात आणि वंश विचारला जाऊं लागला होता. जें मैदान माणसांना जोडावयासाठीं निघालें, तेंच माणसें वगळण्याचें साधन झालें.

आपल्याकडे हा प्रश्न नव्हता असें समजण्याचें कारण नाहीं. अमरावतीचें अंबादेवीचें देऊळ हें शहराच्या सामुदायिक जीवनाचें केंद्र. तेथील नवरात्राच्या यात्रेवांचून अमरावतीचें वर्ष पुरें होत नाहीं. परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजाला त्या देवळांत प्रवेश नव्हता. १९२७ सालच्या नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं या प्रश्नावर अमरावतीस परिषद भरली. डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं मंदिरप्रवेशाची बाजू हिरीरीनें उचलून धरली, आणि पुढें जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. ज्या गांवांत विहीर सर्वांची नाहीं, त्या गांवांत मैदान सर्वांचें कसें असेल? मातींत उतरल्यावर जात दिसत नाहीं, हें म्हणणें गोड आहे. परंतु त्याआधीं त्या मातींत उतरूं दिलें पाहिजे. म्हणून वऱ्हाडच्या व्यायामचळवळीचा इतिहास सांगतांना या मंदिरप्रवेशाच्या चळवळीचाहि इतिहास सांगावा लागतो. एकीनें जागा निर्माण केली आणि दुसरीनें त्या जागेचें दार उघडलें.

याच जिल्ह्यांतील यावलीचे तुकडोजीमहाराज यांनीं १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि खंजिरीच्या तालावर सामुदायिक प्रार्थनेचा प्रघात पाडला. प्रार्थना उघड्या जागेवर, सर्वांनीं एकत्र बसून, ओळीनें आणि वेळेवर. गांवाचें आरोग्य, व्यायाम आणि स्वच्छता हीं त्यांच्या ग्रामकार्याचीं प्रमुख अंगें होतीं. गाडगेमहाराजांचा खराटा, तुकडोजीमहाराजांची खंजिरी आणि वैद्य बंधूंचा आखाडा हीं तिन्हीं एकाच जिल्ह्यांत, एकाच अर्धशतकांत पुढें यावीं, याला केवळ योगायोग म्हणतां येणार नाहीं. गांवाच्या मोकळ्या जागेला माणसांच्या मेळाव्याचें रूप द्यावयाचें, ही एकच तळमळ तिन्हींच्या मुळाशीं होती.

पुढें स्वातंत्र्य आलें; १ मे १९६० रोजीं वऱ्हाड महाराष्ट्र राज्यांत आलें. मोटारी वाढल्या आणि चिखलदऱ्याचा घाट सामान्य माणसालाहि खुला झाला. आज अमरावतीचें किंवा अकोल्याचें कुटुंब सकाळीं निघून देवी पॉइंट, भीमकुंड आणि गाविलगड पाहून रात्रीं घरीं परत येऊं शकतें. अकोलेकर नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहावयास जातात. ज्या डोंगरावर एके काळीं मूठभर लोक जात, तेथें आतां पावसाळ्यांत मोटारींची रांग लागते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. चिखलदरा गांवाची वस्ती मात्र २०११ च्या जनगणनेंतहि पांच हजारांच्या आसपासच होती. एवढ्याशा गांवानें हजारों पाहुण्यांचें पाणी पुरवावयाचें आणि त्यांचा कचराहि उचलावयाचा, याचा विचार पाहुण्यांनीं करावयास हवा.

१९७४ सालीं मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झाला. जंगल राखलें गेलें, वाघ राखला गेला, हें उत्तम झालें. पण कोरकूचा प्रश्न सुटला नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत मेळघाटांतील बालमृत्यूंच्या आणि कुपोषणाच्या बातम्यांनीं साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा, कुंड अशीं गांवें जंगलांतून बाहेर हलविण्यांत आलीं. एकाला तो डोंगर म्हणजे रविवारची सहल. दुसऱ्याला तो जन्माचा आसरा. या दोघांची भेट घाटांतल्या चहाच्या टपरीपलीकडे होत नाहीं, तोंपर्यंत मेळघाट हें नांव पुरतें सार्थ झालें असें म्हणतां येणार नाहीं.

आणि मैदानांचें काय? हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शंभर वर्षांचा पल्ला ओलांडून आजहि अमरावतींत कार्य करीत आहे; शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय तेथें चालतें. परंतु एक संस्था कितीहि मोठी झाली तरी ती साऱ्या शहराच्या गल्लीगल्लीला पुरत नाहीं. शहरें वाढतात तशी मोकळी जागा महाग होते, आणि महाग झालेली जागा मोकळी राहत नाहीं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फी न देतां आणि नांव-गांव न विचारतां ज्या जागेवर पोरांना हुतूतूची रेघ ओढतां येते, ती जागा एकदां गेली कीं कितीहि डोंगर जवळ असले तरी तिची उणीव भरून निघत नाहीं. डोंगरावर माणूस वर्षांतून एकदां जातो. मैदानावर त्याला रोज जावें लागतें.

वऱ्हाडला निसर्गानें डोंगर दिला होता. मैदान मात्र वऱ्हाडच्या लोकांनीं स्वतः तयार केलें; माती आणली, चाळली, तींत घाम मुरविला, आणि भांडून कां होईना, एकेक दार उघडलें. निसर्गानें दिलेली वस्तु दुर्लक्ष केलें तरी कांहीं काळ टिकते. लोकांनीं केलेली वस्तु मात्र लोकांनीं रोज सांभाळली तरच टिकते. म्हणून आपल्या आळींतली एखादी उघडी जागा अजून शिल्लक असेल, तर ती कोणाच्या मालकीची आहे याची चौकशी आजच करावी, नगरपालिकेच्या सभेंत तिच्याविषयीं प्रश्न विचारावा, आणि उद्यां संध्याकाळीं तेथें चार मुलांना बोलावून एक रेघ ओढावी. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं आरंभ केला तो याहून फार मोठ्या साधनांनीं केला नव्हता.